तीन सुताचा नट

१

रविवारी केझियाचं मनगट मोडलं. मंगळवार मावळायला आला, तरी तिच्या बापाने 'दुखतंय का गं?' एवढंही विचारलं नाही. शेजारीण विचारून गेली. चॅपलचा पाद्री, ज्याला स्वतःच्या पायात एका रंगाचे मोजे घालायचं भान नसतं, तोही विचारून गेला. डेझमंड ट्रँटर मात्र आईच्या टेबलाशी बसून कलेजीचे गोळे दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि घास तोंडात असतानाच बोलत होता.

"ती गाडी कापून टाकायची. शुक्रवारी सकाळी भंगारवाला येतोय, मी सांगून ठेवलंय."

"कोणाला विचारून?" डॉर्कस म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? पोरगी मेली असती, आई. जिला इंच आणि मिलिमीटर कळत नाही तिने ब्रेकला हात लावू नये. सगळा क्लब हसतोय."

केझिया समोरच बसली होती. सत्तावीस वर्षांची घोडी, बेकरीत पहाटे चारला उठून मणभर पीठ मळणारी. पण बापाच्या या बोलण्यावर तिने मान खाली घातली आणि डाव्या हाताने वाटाणे इकडून तिकडे ढकलत राहिली.

डॉर्कसला ते आवडलं नाही. ट्रँटरांच्या घरात बायका मान खाली घालत नाहीत.

गाडी होती ती साधीसुधी नव्हती. पेटीतून सुटे भाग आणायचे, कुठल्या तरी जुन्या गाडीचं इंजिन काढायचं आणि घरच्या शेडमध्ये सगळं जोडायचं, अशी किट कार. ही लाल, दोन सीटांची, बिनछपराची. लायनेल पास्क नावाच्या माणसाने ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी जोडली होती. यंदा मार्चमध्ये केझियाने ती त्याच्याकडून घेतली. आयुष्यातली पहिली गाडी, तीही अशी. नळ्या गंजलेल्या, फायबरला तडे, सीटमध्ये उंदरांचा संसार. पाच महिने पोरीने आजीच्या परसातल्या शेडमध्ये काढले. रविवारी क्लबच्या लोकांबरोबर ती पहिल्यांदा फिरायला निघाली, आणि टेकडीच्या पायथ्याला ब्रेक दाबला तर पेडल थेट जमिनीला टेकलं. गाडी कुंपण फोडून बटाट्याच्या शेतात गेली.

क्लबचा चिटणीस सेल्विन बॉटरिल याने गाडी रस्त्यावर ओढून आणताच वाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "मिलिमीटरच्या भोकात इंची नट. शिकाऊ माणसाची चूक." गुरुवारी संध्याकाळी सहाला केझियाचं नाव क्लबातून काढण्यासाठी सभा होती.

डेझमंड गेल्यावर डॉर्कसने ताटल्या तशाच ठेवल्या. "चल शेडमध्ये," ती नातीला म्हणाली.

"कशाला आजी? चुकले असेन मी."

"असेन? चुकलीस की नाही चुकलीस?"

केझियाने प्लास्टरची कड खरवडली. मग बारीक आवाजात म्हणाली, "आता मलाच माहीत नाही."

मनगट सहा आठवड्यांत जुळलं असतं. हे जे मोडलं होतं त्याला कुठल्याच दवाखान्यात प्लास्टर मिळत नव्हतं.

२

डॉर्कस ट्रँटरने शाळा पंधराव्या वर्षी सोडली, आणि त्याआधीची निम्मी शाळाही वर्गाबाहेर उभं राहून काढली. वाचताना तिचे ओठ अजून हलत. पण डार्लस्टन हे नटबोल्टांचं गाव, आणि तिथल्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं काढली होती. अंधाऱ्या पोत्यात हात घालून नट काढायचा, अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवायचं आणि माप सांगायचं. यात तिने पैजा जिंकल्या होत्या.

गाडीचं नाक चेपलं होतं. ब्रेकच्या सिलिंडरमधून निसटलेली नळी बाहेर लोंबत होती, टोकाला नट, बाहेरून आटे असलेला, भोकात फिरवून बसवायचा. डॉर्कसने नख फिरवलं.

"तीन सूत," ती म्हणाली. "इंचीच आहे. बॉटरिल बरोबर बोलला, मेला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहा मिलिमीटरच्या भोकात तीन सुताचा नट जातो, हीच तर त्याची बदमाशी. जातो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, हळू दाबलं तर धरूनही राहतो. आणि जिवाच्या आकांताने पाय मारला की आटे सोलून बाहेर येतो.

"पण हा नट माझा नाही!" केझिया म्हणाली. "मी आठही नट नवे घातले होते, पिवळे. हा बघ कसला करडा आहे. पण..." ती थांबली. "पण याच्यावर माझी खूण आहे."

खरंच होती. प्रत्येक नट आवळला की केझिया नट आणि त्याची बैठक यांवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. नट ढिला झाला तर रेघ तुटते, लगेच कळतं. नेलपॉलिश आजीचं, पोवळ्याच्या रंगाचं. करड्या नटावरही तीच पोवळी रेघ.

"म्हणजे मीच घातला ना आजी? घाईत कुठून तरी उचलला असेन..."

"रडू नकोस. पुडी आण. नट ज्या पुडीतून काढलेस ती."

पुडी केझियाच्या खांद्यावरच्या पिशवीतच असायची, तिथून निघाली. वर छापलेलं: दहा नग. डॉर्कस गाडीखाली वाकली, कंबरेने आरडाओरडा केला तिकडे दुर्लक्ष केलं आणि बोट लावून मोजलं. गाडीवर पिवळे नट सात. पुडीत उरलेले दोन.

"सात आणि दोन किती?"

"नऊ."

"दहावा तू खाल्लास का?"

केझियाने पाच महिन्यांत पहिल्यांदाच आजीकडे तोंड उघडं ठेवून पाहिलं.

"दहावा होता, गाडीवरच होता," डॉर्कस म्हणाली. "कोणीतरी तो काढला, हा बसवला आणि वर तुझ्यासारखी रेघ ओढली. नेलपॉलिशची बाटली तू मला कधी परत दिलीस?"

"शुक्रवारी संध्याकाळी. काम संपलं तेव्हा."

"आणि मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. म्हणजे ज्याने हे केलं, तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन गेला."

शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात तीन पुरुष येऊन गेले होते.

३

पहिला लायनेल पास्क. बुधवारी सकाळी डॉर्कस टेकडी चढून त्याच्या दारात उभी राहिली. यंत्रांचे नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेला माणूस. घरातली वर्तमानपत्रंसुद्धा पट्टी लावून रचलेली.

"शनिवारी तुम्ही गाडीच्या फोटोंचा अल्बम घेऊन आलात," ती कोट न काढताच म्हणाली. "माझा चहा प्यायलात. मग म्हणालात, दहा मिनिटं गाडीपाशी एकटं बसू द्या. का?"

"माझी गाडी आहे ती, मिसेस ट्रँटर..."

"होती. विकलीत तुम्ही."

पास्कचा चेहरा आखडला. "विकली, आणि रोज पस्तावतो. काल तुमच्या मुलाला फोन केला मी. कापू नका, आहे तशी परत द्या म्हटलं. त्याने फोन आपटला."

"म्हणजे गाडी मोडली तर फायदा तुमचा."

"बाई, तुमच्या जिभेला काही हाड?" पास्क उठून उभा राहिला. "माझ्या बायकोने, उर्सुलाने, आणि मी चार वर्षं घालवली त्या गाडीत. तिच्यात एकही इंची नट नाही, मी सगळी मिलिमीटरमध्ये आखली होती. आणि ब्रेकची नळी? उर्सुला गेल्यापासून मी एकही नळी उघडलेली नाही. उघडून करू काय? आतली हवा काढायला पेडलवर पाय कोण ठेवणार? पाय तिचा असायचा, हात माझा."

डॉर्कसला यावर टोमणा सुचला होता. तिने तो गिळला.

कारण तिला ते काम माहीत होतं. नळी एकदा उघडली की आत हवा शिरते, आणि मग पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली जातं. हवा काढायला दोन माणसं लागतात. केझियाने काढली तेव्हा सीटवर डॉर्कसच बसली होती, आणि नात चाकाजवळून ओरडत होती, "दाब! धर! सोड!" चाळीस वर्षांत डॉर्कसला कोणी हुकूम सोडला असेल तर तो तेवढाच.

आणि रविवारी सकाळी निघताना पेडल दगडासारखं कडक होतं. केझियाने दोन्ही पायांनी दाबून पाहिलं होतं.

मग त्या करड्या नटानंतर हवा काढली कोणी? आणि त्याच्यासाठी पेडलवर पाय कोणाचा होता?

४

दुसरा सेल्विन बॉटरिल. याच्या शेडमध्ये चार जुन्या विलायती गाड्या आणि भिंतभर पाने, सगळे इंचांचे. डॉर्कस आत शिरली ती थेट भिंतीकडे बोट दाखवतच.

"इंची नटांचं कोठार इथे, आणि चोर शोधतोय आम्ही गावभर."

"तुमची नात चुकली, मिसेस ट्रँटर. मला दुःख आहे, पण..."

"दुःख? बायका क्लबात आल्यापासून तुमचं तोंड दारावर आपटलेल्या कुत्र्यासारखं झालंय. शनिवारी तीन वाजता तुम्ही गाडी तपासायला आलात. तेव्हा बदललात नट."

बॉटरिलच्या मानेवर लाल चट्टे उठले. "तुमची नात सगळा वेळ माझ्या शेजारी उभी होती! विचारा तिला. आणि मी? चाळीस वर्षं इंची नट हाताळतोय मी. मिलिमीटरच्या भोकात इंची नट माझ्याकडून जाणारच नाही, बोटं नाही म्हणतील. रस्त्यात वाकल्याबरोबर ओळखला तो मीच ना?"

"रस्त्यात ओळखलात. मग शनिवारी डोळे कुठे गहाण टाकले होते? सात पिवळ्यांमध्ये एक करडा नट बसलाय, आणि तपासनीस साहेबांना दिसला नाही!"

"नव्हता!" बॉटरिल ओरडला. "मी तपासलेल्या गाडीत असला नट? अशक्य!" तो कपाटाकडे धावला आणि एक कागद घेऊन आला. "हे बघा. माझ्या हातचं आहे."

"माझा चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा. मोठ्याने."

बॉटरिलने छाती काढून वाचलं, "शनिवार, दुपारी साडेतीन. ब्रेकच्या नळ्यांचे नट आठ. सर्व नवे, पिवळे, खूण केलेले. पेडल कडक."

वाचता वाचता त्याचा आवाज हळूहळू खाली आला. आपण काय वाचलं ते त्यालाही उमगत होतं.

"साडेतीनला आठही पिवळे," डॉर्कस म्हणाली. "म्हणजे पास्क सकाळी येऊन गेला तो सुटला. तुम्ही साडेतीनला निघालात, तुम्ही सुटलात. आणि माझी नात त्यानंतर रविवारी सकाळपर्यंत एक मिनिटही माझ्या नजरेआड नव्हती. पाच ते सात आम्ही दोघी चॅपलच्या चहापार्टीला होतो. मग घरी, मग जेवण, मग झोप."

"मग पाच ते सात तुमच्या घरी कोण होतं?"

डॉर्कस शेडच्या दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली. बॉटरिलने प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि त्याच्या आयुष्यातला तो पहिला शहाणपणा होता.

५

घरी येऊन तिने कोट काढला, नीट टांगला, आणि शेडच्या मागच्या फळीवरून टॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा खाली घेतला. नवऱ्याचा, जेबेझचा. कारखान्यातून खिशात घालून आणलेले नट. शेकड्यांनी. सगळे इंची, कारण जेबेझ कारखान्यात होता तेव्हा मिलिमीटरचं नाव काढणाऱ्याला लोक परदेशी समजत.

डार्लस्टनचा माणूस बायको टाकेल, पण नट टाकणार नाही. वाकडा असो, आटे गेलेला असो, कधी ना कधी लागेल म्हणून तो डब्यात जातो. ट्रँटरांच्या घरात आजवर एकही नट कचऱ्यात गेलेला नव्हता. हे कोणी शिकवत नसे. हात आपणहून डब्याकडे जात.

तिने डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि राखेतून तांदूळ निवडावेत तसे नट बाजूला सारत गेली.

ढिगाच्या वरच्याच थरात होता तो. पिवळा. कोपरे पान्याने खाऊन गोल झालेले. आत नळीचा बोटाच्या पेराएवढा कापलेला तुकडा अजून अडकलेला. आणि अंगावर पोवळी रेघ.

तो डबा कुठे असतो हे जगात चौघांना ठाऊक होतं. जेबेझ चॅपलमागच्या मातीत होता. एक केझिया. एक ती स्वतः.

डॉर्कस उपड्या बादलीवर बसली. नट तिने तळहातावर घेतला. तो डब्यात परत टाकला असता तर कोणाला काही कळलं नसतं. शुक्रवारी भंगारवाला आला असता, गाडी गेली असती, आणि घर जसं चाललंय तसं चाललं असतं.

मग तिने नट ॲप्रनच्या खिशात टाकला आणि हाक मारली, "केझिया! उद्या दुपारी जेवायला माणसं आहेत. वाटाणे भिजत घाल."

६

गुरुवारी एक वाजता टेबलाभोवती पाच जण बसले. पास्क कडेला ताठ, बॉटरिल चुळबुळत, केझिया प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, डेझमंड कोपरं पसरून. करडे वाटाणे आणि बेकन समोर वाफाळत होतं. कोणी कोणाकडे मीठसुद्धा मागत नव्हतं.

"यांना कशाला बोलावलंस?" डेझमंडने विचारलं. "एक पोरीला बाहेर काढणारा, दुसरा भंगार मागणारा."

"गप बस. खा." डॉर्कसने पिवळा नट खिशातून काढून टेबलाच्या मधोमध ठेवला.

टक् असा आवाज झाला. डेझमंडचा चमचा वर जाता जाता थांबला.

"शनिवारी हा गाडीवर होता, बॉटरिलने लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "रविवारी नव्हता. मधल्या वेळात कोणीतरी त्याला पाना लावला. पाना घसरला, कोपरे गेले. मग नळी कापली, दुसरा नट ओवला, नळीचं तोंड पुन्हा दाबून फुलवलं. हे या टेबलावरच्या सगळ्यांना येतं. पण नंतर हवा काढायची होती. एकट्याने. आता सांगा मला, एकटा माणूस ब्रेकची हवा काढतो कशी?"

पास्क म्हणाला, "दाबाची बाटली लागते. तेल दाबाने आत सोडणारी. घरात कोणी ठेवत नाही ती. गॅरेजमध्ये असते."

"गॅरेजमध्ये असते," डॉर्कसने मान हलवली. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. डार्लस्टनच्या कालव्याकाठचं गॅरेज गेली वीस वर्षं एकाच माणसाचं होतं.

"हॅ!" डेझमंड हसला, पण ते हसणं त्याच्या ओठांवर नीट बसेना. "माझ्या गॅरेजात एकही इंची नट नाही. जाऊन बघा. सगळं मिलिमीटर."

"म्हणूनच तर," डॉर्कस म्हणाली. "मी दोन दिवस इंचवाला माणूस शोधत होते. चुकीचा शोधत होते. इंचवाला इंच ओळखतो. ही पोरगी प्रत्येक नट मापून घालते. फसेल कोण? ज्याच्या लेखी जगात मिलिमीटरशिवाय दुसरं काही नाहीच तो. शनिवारी संध्याकाळी तू गॅरेजातून बाटली आणि पाने घेऊन आलास, नट आणला नव्हतास. दुकानं बंद, परत गॅरेजला जायला वेळ नाही. तू बापाच्या डब्यात हात घातलास, बसतोय असं दिसलं ते उचललंस. आणि हा ट्रँटरांचा हात बघ कसा, खराब झालेला नट कालव्यात फेकायचा सोडून डब्यात टाकलास. सातला आम्ही आलो तर तू माझ्या सिंकशी उभा राहून बटाटे सोलत होतास. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं पोराला आईची कणव आली. तू हात धूत होतास."

बॉटरिलने चमचा खाली ठेवला. "डेझमंड? रस्त्यात तू माझ्या शेजारी उभा होतास. मी 'शिकाऊ माणसाची चूक' म्हणालो तेव्हा तूच 'बरोबर' म्हणालास."

"मला वाटलं..." डेझमंडचा आवाज फाटला. "पोरगी पहिल्यांदा रस्त्यावर गाडी काढणार. एकदा आपल्या हाताने बघून घ्यावं. बाप आहे मी."

"आणि काय सापडलं?" केझियाने विचारलं. चार दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच सरळ आला.

"काय?"

"माझ्या कामात. काय चुकलेलं सापडलं?"

डेझमंड ताटलीकडे बघत राहिला. "काही नाही."

"काही नाही," केझिया म्हणाली. "बाबा, पेडल खाली गेलं तेव्हा वाटलं, मेले. ते दोन सेकंद होते. पण त्यानंतर चार दिवस मी पीठ मळायच्या यंत्राचं बटणसुद्धा दोनदा तपासत होते. घराला कुलूप लावून परत फिरत होते. माझ्या हातांची मलाच भीती वाटत होती. आणि तुला माहीत होतं."

"सांगणार होतो."

"कधी? गाडी कापून झाल्यावर?"

पास्कने खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला. तो गाडीसाठी होता की पोरीसाठी, त्याचं त्यालाच ठाऊक. बॉटरिल उठून केझियापुढे उभा राहिला. त्याने क्लबच्या सभेचा कागद चार तुकडे करून खिशात घातला. "सभा होईल," तो म्हणाला, "पण विषय वेगळा असेल. मिस ट्रँटर, मी चुकलो."

डेझमंडने खुर्ची मागे सरकवली. "बरं, झालं ना आता? कळलं सगळ्यांना. मी निघतो."

"बस खाली."

तो बसला. पन्नास वर्षांचा, दाढी पिकलेला माणूस, पण त्या आवाजापुढे तो आजवर कधी उभा राहू शकला नव्हता.

डॉर्कस मात्र उभी राहिली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली.

"नट चुकला, तो मी तुला माफ करते. माझ्या हातून चुकले, तुझ्या बापाच्या हातून चुकले. पोरीवर विश्वास नव्हता, तेही एक वेळ समजून घेते, तेवढा मूर्खपणा बापाला शोभतो. पण पोरगी तुझ्या समोर बसून स्वतःला दोष देत होती, आणि तू माझे कलेजीचे गोळे चघळत तिला हो म्हणत होतास. ते मी माफ करत नाही. आज नाही, मरताना नाही. आत्ता माझ्या फोनवरून भंगारवाल्याला नको म्हणून सांगायचं. सहाला क्लबात जायचं, उभं राहायचं, आणि पहिल्या पान्यापासून शेवटच्या बटाट्यापर्यंत सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी पहिल्या रांगेत बसेन. जे गाळशील ते मी भरेन, आणि मी भरलेलं तुला आवडणार नाही. रविवारी जेवायला ये, ताट मिळेल, मी तुझी आई आहे. पण एक ध्यानात ठेव डेझमंड, आजपासून या घरात तुझ्या शब्दाला दुसरा साक्षीदार लागेल. तू नुसतं 'पाऊस पडतोय' म्हणालास, तरी मी आधी खिडकीबाहेर हात काढून बघेन."